कमी का जास्त?

गजभारे सिस्टरांइतकं घाबरट माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

त्या लिफ्टला घाबरायच्या. कुत्र्याला घाबरायच्या. हॉस्पिटलसमोरचा रस्ता ओलांडताना शेजारी जो कुणी उभा असेल त्याचा हात धरायच्या. एकदा त्यांनी ट्रॅफिक पोलिसाचाच हात धरला आणि त्याला पार पलीकडच्या फुटपाथवर नेऊन सोडलं. तो बिचारा परत आपल्या जागेवर येईपर्यंत चौकात ऑटोंचा गुंता झाला होता. ड्यूटी संपवून निघाल्या की बस थांब्यापर्यंत जायच्या आणि औषधाच्या कपाटाला कुलूप लावलं का नाही ते बघायला पुन्हा तिसरा मजला चढून यायच्या. जिन्यानं, गुडघे दुखत असताना. आम्ही पोरी हसायचो.

"सिस्टर, आत्ताच तर लावलंत. मी बघितलं की."

"तू बघितलं गं. माझ्या हाताला कुठं आठवून राहिलं?" असं म्हणून त्या कुलूप दोनदा ओढून बघायच्या.

मी ज्योती, लोह्याची. नर्सिंगचा कोर्स करून नांदेडला एका खासगी हॉस्पिटलात लागले, तेव्हा मला त्यांच्या वॉर्डात टाकलं. त्या मेडिसिन वॉर्डाच्या इन्चार्ज. बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. आईवडील मजुरी करायचे, आणि त्यांच्या वस्तीतून शिकून नर्स झालेली ही पहिली मुलगी. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची कुणाची टाप नव्हती, कारण एरवीही कुजबुजल्यासारखं हळू बोलणारी ही बाई स्वतःबद्दल एक शब्द बोलायची नाही. बुटक्या, अंगानं भरलेल्या, केस घट्ट बांधलेले, आणि हातात कायम एक ओला रुमाल. हिवाळ्यातसुद्धा त्यांच्या तळहाताला घाम यायचा.

लिफ्ट, कुत्रा, रस्ता ही भीती आम्हाला गमतीची वाटायची. पण त्यांची एक भीती अशी होती की तिला हसायचं धाडस कुणाला झालं नाही. ती होती दोन इंग्रजी शब्दांची. हायपो आणि हायपर.

दवाखान्यात हे दोन शब्द दिवसभर इकडून तिकडं फिरत असतात. साखर उतरली की हायपो, चढली की हायपर. ब्लड प्रेशरचं तेच, पोटॅशियमचं तेच. अर्थ एकदम उलटे, त्यामुळं उपचारही उलटे. कानाला मात्र दोन्ही भावंडांसारखे. फोनवर, पंख्याच्या घरघरीत, घाईत असलेल्या माणसाच्या तोंडून आले तर शेवटचं अक्षर कुठं जातं कळतच नाही.

शिकाऊ मुलींची नवी तुकडी वॉर्डात आली की सिस्टर पहिल्या दिवशी त्यांना खिडकीजवळ उभं करायच्या आणि म्हणायच्या, "पो म्हणजे पोकळ. पर म्हणजे वर. म्हणा." मुली म्हणायच्या. दहादा म्हणून घ्यायच्या. मग आवाज आणखी बारीक करून सांगायच्या, "आता हे पाठ झालं. तरी यावर इस्वास ठेवायचा न्हाई. डोक्याला पाठ असतंय, कानाला न्हाई. आपल्या वॉर्डात हे दोन शब्द तोंडानं बोलायचे न्हाईत. कमी म्हणायचं, न्हाईतर जास्त म्हणायचं. आन् आकडा सांगायचा. आकडा नसंल तर काहीच सांगायचं न्हाई."

टेबलावरचा फोन वाजला की त्यांचे खांदे वर जायचे. त्या आधी वहीत वेळ लिहायच्या, मग डाव्या हातानं रिसिव्हर उचलायच्या. डॉक्टर काय सांगतील ते लिहून घ्यायच्या, लिहिलेलं वाचून दाखवायच्या आणि शेवटी ठरलेला प्रश्न: "साहेब, कमी का जास्त?"

पुण्याहून नव्यानं आलेल्या एका डॉक्टरांना ह्याचा फार राग यायचा. एकदा राऊंडला सगळ्यांसमोर ते म्हणाले, "सिस्टर, इंग्रजी शब्द वापरा ना. हे काय भाजी मार्केट आहे का, कमी आणि जास्त?"

सिस्टरांची मान खाली. रुमाल मुठीत. आम्हाला वाटलं, आता ह्या माफी मागतील. त्या म्हणाल्या, "साहेब, मार्केटमधी ऐकण्यात चुकलं तर पावशेर वांगी कमी येतील." पुढचं वाक्य त्यांच्याकडून झालंच नाही.  डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले.

पोटॅशियमच्या इंजेक्शनचं कपाट वेगळं होतं आणि त्याची किल्ली सिस्टरांच्या कोटाच्या आतल्या बाजूला सेफ्टी पिननं अडकवलेली असायची. ते औषध रक्तात पोटॅशियम कमी असलेल्या माणसाला सलाईनमधून सावकाश दिलं तर जीव वाचवतं. ज्याच्या रक्तात ते आधीच जास्त आहे त्याला दिलं तर हृदय थांबतं. पेशंट मात्र दोन्ही वेळेला एकच सांगतो, की अंगात ताकद नाही, पाय उचलत नाहीत. त्याच्याकडं बघून काही कळत नाही.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी ती दुपार माझ्यामुळं आली.

रहीमचाचा म्हणून एक पेशंट होते, अकरा नंबरच्या खाटेवर. देगलूर नाक्याकडं त्यांचं सायकलचं दुकान. किडनीचा त्रास. बोलका माणूस. वॉर्डातल्या सगळ्या चाकाच्या खुर्च्यांना त्यांनी तेल घालून दिलं होतं. त्या दिवशी जेवणानंतर ते मला म्हणाले, "बेटा, पाय उचलून न्हाई राहिले. कुणी तरी वर बसल्यासारखं वाटून राहिलं." मी रक्त काढून खाली लॅबला पाठवलं. भेटायच्या वेळेची गर्दी होती, एका खाटेशी नातेवाईकांचा मोठमोठ्यानं वाद चालला होता. तेवढ्यात फोन वाजला. सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होत्या, म्हणून मी उचलला. लॅबमधला मुलगा घाईत म्हणाला, "अकरा नंबर, हायपोकॅलेमिया, डॉक्टरला लगेच सांगा," आणि फोन ठेवला.

मी 'हायपो' ऐकलं, म्हणजे रक्तात पोटॅशियम कमी. आजही डोळे मिटले तर मला 'हायपो'च ऐकू येतं.

आकडा विचारायचा राहिला. ते पुण्याचे डॉक्टर दुसऱ्या इमारतीत एका पेशंटपाशी अडकले होते. मी त्यांना मोबाइलवर सांगितलं, "सर, अकरा नंबर, हायपोकॅलेमिया." त्यांनी विचारलं, "किती?" मी म्हणाले, "रिपोर्ट येतोय सर, लॅबनं लगेच कळवायला सांगितलं." ते म्हणाले, "पोटॅशियम सलाईनमधून चालू करा, मी येतोच."

मी धावत सिस्टरांकडं किल्ली मागायला गेले. त्यांनी हात कोटाकडं नेला आणि थांबल्या.

"आकडा?"

"सिस्टर, सरांनी सांगितलंय. लवकर द्यायचंय."

"आकडा किती हाय, पोरी?"

"नाही विचारला."

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. रागावल्या नाहीत. पांढऱ्या पडल्या. खाली लॅबला फोन लावला, तो लागेना. पुन्हा लावला, लागेना. रहीमचाचा खाटेवरून आमच्याकडं बघत होते. त्यांची बायको उठून आली आणि म्हणाली, "क्या हुआ सिस्टर? कुछ देते कामून नै?" तेवढ्यात डॉक्टरांचाच फोन आला. चालू केलं का?

"न्हाई साहेब," सिस्टर म्हणाल्या. "आकडा न्हाई आला."

पलीकडचा आवाज मला दोन हातांवरूनही ऐकू येत होता. पेशंटला काही झालं तर कोण जबाबदार, मी सांगतोय ना, माझ्या जबाबदारीवर द्या. सिस्टरांनी रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला. त्या म्हणाल्या, "जबाबदारी तुमची हाय साहेब. पण हात माझा हाय." आणि ठेवून दिला.

मग त्यांनी किल्ली कोटातच ठेवून वरून हात दाबला, मला म्हणाल्या, "चाचांच्या छातीला मॉनिटर लाव. कुणी काही द्यायचं न्हाई," आणि लिफ्टकडं गेल्या. लिफ्टकडं! दार बंद होताना मी बघितलं, डोळे मिटून, पाठ भिंतीला टेकवून उभ्या होत्या.

त्या परत येईपर्यंत किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी मॉनिटरवरची रेघ बघत होते. तिचे सुळके उंच आणि टोकदार होत चालले होते आणि त्याचा अर्थ काय ते मला आठवत होतं आणि आठवायचं नव्हतं. चाचांच्या बायकोनं माझा हात धरून ठेवला होता. तिला वाटत होतं मी तिला धीर देतेय.

सिस्टर कागद हातात घेऊन आल्या, धापा टाकत. सात पॉइंट एक. पाचाच्या आत हवं ते सातच्या वर. जास्त. फार जास्त.

डॉक्टर त्यांच्या मागोमाग पोचले. कागद बघितला आणि काही न बोलता कामाला लागले. पुढचा तासभर पोटॅशियम उतरवणाऱ्या औषधांची धावपळ, मग डायलिसिस. रहीमचाचा वाचले. मी स्टोअर रूममध्ये जमिनीवर बसले होते. 

सिस्टर आत आल्या, दार लोटलं, आणि चुका नोंदवायचं रजिस्टर माझ्या मांडीवर ठेवलं. पेन दिला.

"लिही."

"सिस्टर, माझी नोकरी जाईल."

"जाऊ शकते. लिही. लॅबनं काय सांगितलं, तू काय ऐकलं, काय इचारलं न्हाई. तुझ्याच अक्षरात लिही."

मी रडत होते. म्हणाले, "लॅबचा मुलगाही चुकला असेल."

"असंल. त्याचं तो लिहील. तू तुझं लिही." मग त्या माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या, गुडघे दाबत. माझी पहिली ओळ लिहून झाल्यावर म्हणाल्या, "मला कुणी लिहू दिलं न्हाई, बाई. तुला लिहाया मिळून राहिलं."

नोकरी गेली नाही. ताकीद मिळाली, एक महिना फोन घ्यायला मनाई झाली. त्या डॉक्टरांनी आठवडाभर आमच्याशी कामापलीकडं बोलणं टाकलं. मग एका सकाळी त्यांचा फोन आला आणि सिस्टरांनी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "सिस्टर, पाच नंबर. साखर कमी. बावन्न."

"मला कुणी लिहू दिलं न्हाई" हे वाक्य माझ्या मनातून जाईना. दोन दिवसांनी डबा खाताना मी धीर करून विचारलं. त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून सांगितलं, अगदी हळू, शेजारच्या खुर्चीवरच्यालाही ऐकू जाणार नाही असं.

बाविसाव्या वर्षी त्यांना पहिली नोकरी लातूरला लागली होती, एका छोट्या दवाखान्यात. आता तो दवाखाना नाही. तिथं एक बाई दाखल झाली, कमलबाई. शिवणकामाचे वर्ग चालवायच्या. साखरेचा आजार, पायाला जखम. सकाळी तपासणीसाठी उपाशी ठेवलं होतं, पण साखर उतरवायची गोळी त्या घरूनच गिळून आल्या होत्या. हे कुणी विचारलंच नाही. साडेदहा-अकराला त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले. डॉक्टर बाहेर गेले होते. रक्त बाहेरच्या लॅबला गेलं. भिंतीवर दोन कागद लावलेले होते, हायपो झालं तर काय द्यायचं आणि हायपर झालं तर काय द्यायचं. लॅबनं डॉक्टरांना कळवलं, डॉक्टरांनी फोनवर तरुण गजभारे सिस्टरांना एक शब्द सांगितला आणि म्हणाले, त्या कागदाप्रमाणं करा.

"त्यांनी हायपो सांगितलं. मी हायपर ऐकलं. मराठी शाळेतून आलेली मी. परत इचारलं तर म्हणतील, हिला येवढं पण येत न्हाई. म्हणून इचारलं न्हाई." त्यांनी भाकरी खाली ठेवली. "साखर कमी झालेल्या बाईला मी साखर उतरवायचं इंजेक्शन दिलं."

मी डबा बाजूला सारला.

"आन् ती बाई सांगून राहिली होती, ज्योती. सिस्टर, मला लई भूक लागली, म्हणे. काहीतरी गोड द्या, चहा तरी द्या. तिच्या अंगाला कळून राहिलं होतं. मी म्हणलं, आई, तुमची साखर वाढलेली हाय, चहा न्हाई द्यायचा. तिनं दोनदा मागितला. मी दोनदा न्हाई म्हणलं."

कमलबाई दुपारी गेल्या. डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी दार लावून सिस्टरांना सांगितलं की हे खोलीच्या बाहेर जाणार नाही, साखर वाढली होती असंच लिहायचं, नाहीतर तू आयुष्यातून उठशील. मग बाहेर जाऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं, "काल काय गोड खाऊ घातलं होतं?" नवरा म्हणाला, "दोन जिलेब्या, साहेब. पोरगी दहावी पास झाली, म्हणून." डॉक्टर म्हणाले, "बघा मग." सिस्टर ट्रे घेऊन मागं उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि ट्रे घेऊन आत गेल्या. पुढच्या महिन्यात नांदेडला आल्या.

एवढं सांगून त्यांनी डबा बंद केला. त्यानंतर त्यांच्या रिटायर होण्यापर्यंत आमच्यात त्याबद्दल एक अक्षर बोलणं झालं नाही. मला मात्र एक गोष्ट दिसायला लागली होती. कुठल्याही पेशंटपाशी त्या गेल्या की आधी स्टूल ओढून बसायच्या आणि विचारायच्या, "काय वाटून राहिलं? काय खावं वाटतंय?" उत्तर पूर्ण ऐकल्याशिवाय उठायच्या नाहीत. राऊंड लांबायचा, डॉक्टर चडफडायचे, तरी उठायच्या नाहीत.

रिटायर झाल्यावर त्या बिलोलीला भावाच्या शेजारी खोली करून राहिल्या. दिवाळीनंतर एक दिवस फोन आला. त्या स्वतःहून फोन करतील हेच मला खरं वाटेना.

"ज्योती, माझ्यासंग लातूरला येशील का? एकटीला लई भेव वाटून राहिलं."

भावाची नात डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लाससाठी लातूरला राहत होती. सुट्टीत घरी आल्यावर तिनं मेसच्या जेवणाची तक्रार केली. मेसवाली काकू पोरींना सगळं चांगलं करून घालते, पण गोड कधीच करत नाही. दिवाळीला नाही, कुणाच्या वाढदिवसाला नाही. तिची आई जिलेबी खाऊन मेली म्हणे. तिच्या बापानंच खाऊ घातली होती. त्या घरात तेव्हापासून कुणी गोड खाल्लेलं नाही.

"छत्तीस वर्षं," सिस्टर म्हणाल्या. "मला वाटलं होतं, विसरले असतील."

सकाळच्या बसनं आम्ही नांदेडहून निघालो. लोहा आलं, माझं गाव, मी खिडकीतून बोट दाखवून आमची गल्ली दाखवत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. अहमदपूरला बस थांबली तेव्हा म्हणाल्या, "इथूनच परत जाऊ." मी म्हणाले, "बरं, उतरू या." त्या उठल्या नाहीत. चाकूरला पुन्हा म्हणाल्या. रुमाल पिळून पिळून त्यांची बोटं लाल झाली होती. मलाही भीती वाटत होती. त्या माणसांनी मारलं तर? पोलीस बोलावले तर? मी विचारलं तसं त्या म्हणाल्या, "मारलं तर मारू दे. त्याचं भेव न्हाई. त्यांनी इचारलं की येवढे दिवस कुठं होतीस, तर काय सांगू?"

लातूरला क्लासेसच्या भागात, एका अरुंद गल्लीत ते घर होतं. खाली मेस, ताटांचा आवाज, मुलींची वर्दळ नुकतीच ओसरलेली. एक पन्नाशीची बाई टेबल पुसत होती. हीच ती दहावी पास झालेली मुलगी, सुरेखा. सिस्टर उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मी म्हणाले, "ताई, ह्यांना तुमच्याशी बोलायचंय."

"जेवणाचं संपलं," ती म्हणाली. "संध्याकाळी या."

"जेवायला न्हाई आले," सिस्टर म्हणाल्या.  "तुमच्या आई गेल्या त्या दिवशी दवाखान्यात मी सिस्टर होते. तुमच्या बाबांनी काही केलं न्हाई. जिलेबीनं काही झालं न्हाई. माझ्या हातून चूक झाली."

सुरेखाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. मला वाटलं, आता ही दार लावेल. तिनं फक्त एवढंच विचारलं, "आता कशाला सांगून राहिलात?"

सिस्टरांनी हातातली पिशवी छातीशी धरली.

"मला नका सांगू," सुरेखा म्हणाली.  "मी काय करू ऐकून? त्यांना सांगा. मागच्या खोलीत हायेत. रोज सकाळी उठून आईच्या फोटोला हात जोडून माफी मागतात. त्यांना सांगा जाऊन."

कमलबाईंचे यजमान खाटेवर बसले होते. वाळलेला, उंच माणूस. सगळी हयात दालमिलच्या खडखडाटात काम केलेलं, त्यामुळं कान गेलेले. सिस्टर त्यांच्यासमोर खाली बसल्या आणि बोलल्या. म्हाताऱ्यानं कानाला हात लावला. "काय?" त्या पुन्हा बोलल्या. "काय म्हणून राहिल्या, सुरेखा?" सुरेखा दारात उभी होती. ती म्हणाली, "मी न्हाई सांगणार. त्यांना सांगू द्या."

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती ती मी रहीमचाचांच्या दिवशीही बघितली नव्हती. मग त्या उठून उभ्या राहिल्या आणि ओरडून म्हणाल्या, "दादा, तुमच्या बायकोची साखर कमी झाली होती! मी जास्त समजले! मी चुकीचं इंजेक्शन दिलं! डॉक्टर तुम्हाला खोटं बोलले!"

मेसमधल्या दोन मुली जिन्यात थांबल्या. शेजारचा टीव्ही बंद झाला.

म्हातारा म्हणाला, "परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं, तितक्याच मोठ्यानं.

"जिलेबीनं न्हाई?"

"न्हाई दादा! जिलेबी आदल्या दिवशीची! तिनं काही झालं न्हाई!"

"आणखी एकदा सांगा." त्याला ऐकू आलं होतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. तरी त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

त्या माणसानं आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून बघितले. मग सुरेखाला म्हणाला, "म्हणजे मी न्हाई मारलं तिला." सुरेखा भिंतीला टेकली आणि सरकत खाली बसली.

सिस्टरांनी पिशवीतून एक कागद काढून पुढं केला. सगळं लिहून आणलं होतं, खाली सही. तक्रार करायची असेल तर ह्यावर करा, म्हणाल्या. म्हाताऱ्यानं तो उशीखाली ठेवला. "तुमचं काय करायचं ते मला ठावं न्हाई," तो म्हणाला. "माफ केलं असं तोंडानं म्हणता येईना." सिस्टर म्हणाल्या, "म्हणू नका."

मग त्यानं विचारलं, "तुम्ही सकाळपासून होता तिच्यापाशी?"

"हाव."

"मला आत येऊ दिलं नव्हतं. मी बाहेर बाकड्यावर होतो. काहीच बघितलं न्हाई मी." त्यानं खाटेवर जागा केली. "बसा. सकाळपासून सांगा. सगळं सांगा."

सिस्टरांनी मला जायला सांगितलं. म्हणाल्या, मला वेळ लागंल, तुझी बस चुकंल, तू जा.

पुढचं मला सुरेखाकडून कळलं, नंतर कधीतरी फोनवर. सिस्टर त्या दिवशी उजेड असेपर्यंत तिथंच होत्या. कागदावर कुणी तक्रार केली नाही, कुणी तो फाडलाही नाही. डॉक्टर कधीच वारले होते. सुरेखाला सिस्टरांचं तोंड पुन्हा बघायचं नव्हतं, असं ती स्पष्ट म्हणाली. पण तिचे बाबा मात्र त्यांना अधूनमधून फोन लावून ओरडून काहीबाही विचारायचे, तिकडून त्या ओरडून सांगायच्या. सुरेखा म्हणाली, बाबा आता सकाळी उशिरापर्यंत झोपतात. पुढच्या पावसाळ्यात गजभारे सिस्टर गेल्या, बिलोलीलाच, झोपेत. मला कळेपर्यंत तिसरा दिवस उलटला होता, शेवटचं बघता आलं नाही.

त्यामुळं मला दिसतात त्या लातूरच्या त्या गल्लीतल्या. मी चपला घालून बाहेर पडले आणि मागच्या खोलीच्या खिडकीसमोरून जाताना आत बघितलं. म्हातारा कानामागं हात धरून पुढं वाकला होता. सिस्टर खाटेच्या कडेला ताठ बसल्या होत्या, तोंड लाल, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि आयुष्यभर कुजबुजणारी ती बाई साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडत होती, "खिडकीकडची खाट होती! हिरव्या काठाचं लुगडं होतं! मला म्हणल्या, पोरी, तुझ्या झंपराची बाही उसवली हाय, घरी ये, शिवून देते!"

दारादारांत बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. सिस्टरांनी खिडकीतून त्यांच्याकडं एकदा बघितलं, रुमालानं कपाळ पुसलं, आणि पुढचं सांगायला लागल्या.